टेस्ला, गाउस आणि ओर्स्टेड

चुंबकीय क्षेत्राविषयी वाचताना टेस्ला, गाउस, ओर्स्टेड आणि अँपिअर प्रति मीटर अशी चार एकके भेटतात. ही एकाच राशीची चार नावे आहेत असे समजले जाते आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

क्षेत्राच्या दिशेशी काटकोनात धरलेल्या तारेतून एक अँपिअर प्रवाह वाहत असताना तिच्या दर मीटर लांबीवर एक न्यूटन बल पडत असेल, तर ते क्षेत्र एक टेस्लाचे. हे एकक चांगलेच मोठे आहे. रुग्णालयातील एमआरआय यंत्राचे क्षेत्र बहुधा १.५ किंवा ३ टेस्ला असते, तर पृथ्वीचे भूपृष्ठावरील क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (मायक्रोटेस्ला म्हणजे टेस्लाचा दहा लाखावा भाग). गाउस हा टेस्लाचा दहा हजारावा भाग, म्हणून पृथ्वीच्या क्षेत्राला तो सोयीचा पडतो.

ओर्स्टेड आणि अँपिअर प्रति मीटर ही मात्र वेगळ्या राशीची एकके आहेत. वेटोळ्यातील प्रवाह जे क्षेत्र लादतो, त्याचे माप या एककांत देतात (१ ओर्स्टेड म्हणजे सुमारे ७९.६ अँपिअर प्रति मीटर), पदार्थाने त्याला दिलेला प्रतिसाद धरून प्रत्यक्षात जे क्षेत्र तयार होते, ते गाउस किंवा टेस्लामध्ये सांगतात. निर्वातात गाउस आणि ओर्स्टेडचे आकडे तंतोतंत सारखे येतात, हवेतही जवळपास तेच, आणि त्यामुळे १९३० पर्यंत दोन्ही राशींसाठी गाउस हेच नाव चालून गेले. वेटोळ्यात मऊ लोखंडाचा बंद गाभा बसवला, की मोजक्या ओर्स्टेडला हजारो गाउस मिळतात. तेव्हा हा भेद न पाळणे अभियंत्याला परवडत नाही.

भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांचे काम मात्र नॅनोटेस्लात, म्हणजे टेस्लाच्या अब्जाव्या भागात, चालते. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद आहे. दीड टेस्लाच्या एमआरआयपुढे ही घसरण जेमतेम दहा लाखावा भाग भरते, तरीही त्या वादळाची तीव्रता ठरवताना जगभरचे संशोधक आजही याच नोंदीकडे वळतात. इतक्या सूक्ष्म मोजणीत विजेच्या ट्रामगाड्यांच्या प्रवाहाने बाधा येणार हे दिसताच वेधशाळेचे चुंबकीय काम अलिबागला हलवण्यात आले. १९०४ पासून तिथे नोंदी घेतल्या जात आहेत.