पाणमांजर : अभ्यास, संवर्धन व मासेमारांशी संघर्ष

मुस्टेलिडी कुलातील मत्स्याहारी सस्तन प्राणी. पर्यायी नावे जलमांजर, ऊद. भारतात तीन जाती आढळतात. मऊ, आखूड केसांचे व टोकाकडे चपट्या शेपटीचे पाणमांजर (लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा) मोठ्या नद्या, जलाशय व खाड्यांत कळपाने राहते. आखूड नखांचे पाणमांजर जगातील सर्वांत लहान असून पश्चिम घाट व हिमालयाच्या पायथ्याच्या ओढ्यांत मुख्यतः खेकड्यांवर जगते. युरेशियन पाणमांजर एकांडे व बहुधा निशाचर आहे. पहिल्या दोन जाती धोक्यातील जीवांच्या जागतिक तांबड्या यादीत ‘असुरक्षित’ वर्गात आहेत, तर तिसरी ‘संकटसमीप’ आहे.

नाव व त्यातील घोटाळा : संस्कृत ‘उद्र’ हा शब्द शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत (२४·३७) अश्वमेधाच्या पशूंच्या यादीत ‘अपामुद्रः’ असा येतो. भाष्यकार महीधर त्याचा अर्थ खेकडा असा करतो. वैदिक शब्दसूचीचे कर्ते मॅकडॉनेल व कीथ यांनी मात्र तो पाणमांजरच असावा असे मत दिले आहे. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील ‘उद्र’, ग्रीक ‘हिद्रा’ आणि इंग्रजी ‘ऑटर’ हे शब्द एकाच मुळातले मानले जातात, हे लक्षात घेता हेच मत अधिक ग्राह्य वाटते. अमरकोशाच्या वारिवर्गात ‘शिशुमारोद्रशङ्कवो मकरादयः’ असा उल्लेख आहे. म्हणजे कोशकाराने उद्राला मकर-शिशुमारांच्या पंक्तीला बसवले, पण त्याचे रूप सांगितले नाही. ‘जलमार्जार’ हा पर्यायही संस्कृत कोशांत मिळतो व मराठी नावे त्याच वळणाची आहेत. उलट कन्नड ‘नीरुनायी’, तेलुगू ‘नीरुकुक्क’ आणि हिंदीतील ‘पानी कुत्ता’ ही नावे त्याला कुत्रा ठरवतात. अवेस्ताच्या वेंदीदादमध्येही तो पाण्यातला कुत्राच आहे, आणि त्याला मारणाऱ्यास दहा हजार फटक्यांचा दंड सांगितला आहे.

खरी अडचण ‘ऊदमांजर’ या शब्दाची आहे. हिंदी ‘ऊदबिलाव’ म्हणजे पाणमांजर. त्याच घडणीचा मराठी ‘ऊदमांजर’ मात्र झाडावर चढणाऱ्या, ताडी-फळे खाणाऱ्या निराळ्याच प्राण्याला लागतो. या दुसऱ्या प्राण्याच्या गंधग्रंथींमुळे धूपवाचक अरबी ‘ऊद’ येथे आला, की ‘उद्र’वरून आलेले जुने नाव एका प्राण्यावरून दुसऱ्यावर सरकले, याचा निर्णय करणे कठीण आहे. गंधाशी जोडणारी उपपत्ती अर्थाच्या दृष्टीने सरळ आहे, इतकेच म्हणता येते. हा वाद केवळ शब्दांचा नाही. गावात ‘इथे ऊद दिसतो का’ असे विचारणाऱ्याला मिळालेले ‘हो’ हे नदीतल्या प्राण्याबद्दल आहे की आमराईतल्या, हे पाऊलठसा किंवा विष्ठा पाहिल्याखेरीज कळत नाही. युरेशियन जातीच्या जुन्या नोंदी तर जातीचा निर्देश नसल्याने विशेष जपून वापराव्या लागतात. ही जात मध्य प्रदेशातील सातपुडा व्याघ्र प्रकल्पात स्वयंचलित कॅमेऱ्यांत २०१६ च्या सुमारास टिपली गेली.

अभ्यासाच्या पद्धती : प्राणी क्वचितच दिसतो, म्हणून अभ्यास मुख्यतः खुणांवर चालतो. कळप ठरावीक खडकावर, वाळूच्या दांड्यावर किंवा बांधावर पुनःपुन्हा विष्ठा टाकतो. अशी जागा म्हणजे त्यांचा जणू सूचनाफलक. ताज्या विष्ठेला माशाचा उग्र वास येतो, आणि तिच्यातील खवले व हाडांवरून आहार ठरवता येतो. पावसाळ्यात या खुणा धुऊन जात असल्याने सर्वेक्षणे बहुधा उघडिपीच्या महिन्यांत होतात, व त्यामुळे भर पावसातील वावराची माहिती तुटपुंजी राहते. गणना त्याहून अवघड आहे. वाघाच्या पट्ट्यांसारखी ओळखीची खूण अंगावर नसते, आणि विष्ठेतील डीएनए उष्ण हवेत लवकर नासतो. मान जवळजवळ डोक्याइतकीच जाड असल्याने मागोव्यासाठी गळ्यात घातलेला रेडिओ-पट्टा टिकत नाही. प्रेषक शस्त्रक्रियेने पोटात बसवावा लागतो. भारतात राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात आणि केरळातील पेरियार जलाशयात मऊ केसांच्या जातीवर झालेला अभ्यास पायाभूत मानला जातो. गोव्यात मांडवीतील चोडण बेटाच्या परिसरात ‘वाइल्ड ऑटर्स’ ही संस्था काम करते.

संघर्ष : पाणमांजर जाळ्यात अडकलेले मासे ओढते. त्यात मासा जातो व जाळेही फाटते. फाटलेले जाळे हे दिसणारे, हातात धरून दाखवता येणारे नुकसान असते. त्यामुळे घटलेल्या मासळीचे सारे खापर या प्राण्यावर फुटते. धरणांमुळे बदललेला प्रवाह, सुरुंग लावून केलेली मासेमारी आणि वाळूउपसा यांनी झालेली घट मात्र अशी बोट दाखवण्याजोगी नसते. वाळूउपशाने काठ ढासळून बिळेही जातात. मासे कमी झाले की प्राणी जाळ्याकडे अधिक वळणार, हे ओघानेच आले.

संघर्षाची तीव्रता माशांच्या संख्येइतकीच हक्काच्या स्वरूपावरही अवलंबून असावी. गोव्याच्या खाजण (खाडीकाठी बांध घालून केलेल्या) शेतीत भरती-ओहोटीचे पाणी ‘मानस’ या लाकडी दारांतून आत-बाहेर सोडतात. ओहोटीला मानसीशी जाळे लावून मासळी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. ज्याने आगाऊ पैसे मोजले, त्याला बांधावरून आत शिरणारा कळप चोरच वाटतो. विदर्भातील मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मत्स्यबीज विकत घेऊन सोडणाऱ्या ढीवरांच्या सहकारी संस्थांनाही हेच लागू पडते. मोकळ्या नदीत जाळे टाकणाऱ्याची तक्रार तुलनेने सौम्य असते, असे म्हणण्यास जागा आहे.

याच्या उलट टोकाला बांगलादेशातील नडाइल व सुंदरबन परिसरात पाळीव पाणमांजरांकडून मासे जाळ्यात हाकून घेण्याची पद्धत आहे. कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर याने १८२४ मध्ये बंगालच्या नदीकाठी बांबूच्या खुंट्यांना बांधलेली नऊ-दहा पाणमांजरे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे ही पद्धत किमान दोनशे वर्षांची तरी ठरते.

व्यापार व संरक्षण : दाट लोकरीमुळे कातड्याला मागणी होती. ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटात पकडलेल्या एकाच मालात ३१ वाघांची, ५८१ बिबट्यांची आणि ७७८ पाणमांजरांची कातडी होती. बातम्या पहिल्या दोन आकड्यांच्या झाल्या. जानेवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेशातील अमरावती येथे कालचक्र या बौद्ध समारंभात दलाई लामांनी अशी कातडी वापरू नयेत असे आवाहन केले, व पुढे तिबेटात लोकांनी कातड्याची किनार असलेले कपडे जाळले. अलीकडे पिल्ले पाळण्याच्या हौसेने, विशेषतः जपान व थायलंडमध्ये, नवा व्यापार उभा राहिला. २०१९ मध्ये मऊ केसांची व आखूड नखांची या दोन्ही जाती वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या, परिशिष्टात गेल्या. प्रस्तावकांत भारत होता. देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. कर्नाटक शासनाने २०१५ मध्ये तुंगभद्रेचा मुदलापूर ते कंपली पूल हा सुमारे ३४ किमी.चा पट्टा पाणमांजर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केला. केवळ या प्राण्यासाठी राखलेले देशातील हे पहिले क्षेत्र होय.