रिपब्लिकन उमेदवाराची पारख : पुराणमतवादी मतदारांच्या संशयाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची पुढची निवडणूक नोव्हेंबर २०२८ मध्ये होईल. दोनदा निवडून आलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांना घटनेच्या बाविसाव्या दुरुस्तीमुळे ती लढवता येणार नाही, त्यामुळे रिपब्लिकन पक्षातील पुराणमतवादी मतदारांची इच्छुकांना तोलून पाहण्याची प्रक्रिया आतापासूनच सुरू झाली आहे. या मतदारांचे प्रश्न बाहेरच्याला कधीकधी विचित्र वाटतात. अमुक सिनेटरने पंधरा वर्षांपूर्वी करवाढीच्या बाजूने मत दिले होते का, तमुक गव्हर्नरने नेमलेल्या न्यायाधीशाने पुढे कोणते निकाल दिले, असल्या तपशिलांवर तिथे तासन्‌तास खल होतो. या चौकसपणामागे सत्तर वर्षांचे अनुभव आहेत, आणि त्यांतले बरेचसे तोंड पोळल्याचे आहेत.

‘पुराणमतवादी’ हा आपल्या वर्तमानपत्रांनी रूढ केलेला शब्द इथे थोडा अपुरा पडतो. कर कमी हवेत आणि सरकारची लुडबूड नको म्हणणारा व्यापारी, गर्भपाताला धर्माच्या आधारे विरोध करणारा चर्चनिष्ठ ख्रिस्ती आणि शीतयुद्धाच्या काळात साम्यवादाशी कसलीही तडजोड नको म्हणणारा, अशा तीन तऱ्हेच्या लोकांची ही मोट आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, आपल्याकडे तिकीट पक्षश्रेष्ठी देतात; तिथे १९७० च्या दशकापासून ते प्रामुख्याने राज्याराज्यांतील प्राथमिक निवडणुकांतून, म्हणजे सामान्य मतदारांच्या हातून दिले जाते. त्याआधी मात्र उमेदवार ठरवणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात जमलेले प्रतिनिधी आणि त्यांना हाताशी धरणारे राज्यांतले पुढारी यांचीच चलती होती, आणि तक्रारीची सुरुवातही तिथेच झाली.

१९५२ साली शिकागोच्या अधिवेशनात ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट हे पुराणमतवाद्यांचे लाडके उमेदवार होते. ‘मिस्टर रिपब्लिकन’ हे त्यांचे टोपणनाव. समोर होते महायुद्ध जिंकून आलेले जनरल आयझेनहॉवर, ज्यांचा पक्ष कोणता हेच काही वर्षांपूर्वीपर्यंत कोणाला ठाऊक नव्हते. टेक्सास आणि जॉर्जियाच्या वादग्रस्त प्रतिनिधींचा प्रश्न टाफ्ट यांच्या विरोधात गेला. पहिल्या मतमोजणीत आयझेनहॉवर यांना ५९५ आणि टाफ्ट यांना ५०० मते पडली, आणि विजयाला लागणारी ६०४ ची रेघ मिनेसोटाच्या प्रतिनिधींनी बाजू बदलताच ओलांडली गेली. त्याच अधिवेशनात टाफ्टसमर्थक एव्हरेट डर्कसन यांनी व्यासपीठावरून न्यूयॉर्कच्या टॉमस ड्युई यांच्याकडे बोट रोखून, तुमच्यामागे आलो आणि तुम्ही आम्हाला पराभवाच्या वाटेवर नेलेत, असे सुनावले होते. ड्युई १९४४ आणि १९४८ अशा दोन्ही निवडणुका हरले होते. ‘निवडून येण्याची क्षमता’ या नावाखाली पूर्वेकडचे धनाढ्य पुढारी आपल्यावर पातळ विचारांचा माणूस लादतात आणि तोही निवडून येत नाही, ही तक्रार तेव्हापासून या मंडळींच्या मनात घर करून बसली. आयझेनहॉवर निवडून आले, हे त्या तक्रारीत सोयीस्करपणे गाळले जाते.

पुढच्या पिढीने तक्रार करत बसण्यापेक्षा संघटना बांधली. १९६० च्या अधिवेशनात ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी आपल्या समर्थकांना, आता मोठे व्हा, पक्ष परत घ्यायचा असेल तर कामाला लागा, असे बजावले. ते शब्द क्लिफ्टन व्हाइट यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी अक्षरशः मनावर घेतले आणि जिल्ह्याजिल्ह्यातून प्रतिनिधी जमवले. २ जून १९६४ च्या कॅलिफोर्नियाच्या प्राथमिक निवडणुकीत विजेत्याला राज्याचे सर्व ८६ प्रतिनिधी मिळणार होते. प्रतिस्पर्धी नेल्सन रॉकफेलर यांनी घटस्फोटानंतर १९६३ मध्ये दुसरे लग्न केले होते. मतदानाला तीन दिवस उरले असताना नव्या पत्नीला मुलगा झाला आणि विस्मरणात चाललेला विषय पुन्हा घरोघरी निघाला. गोल्डवॉटर सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्के अशा निसटत्या फरकाने जिंकले. नोव्हेंबरमध्ये मात्र त्यांच्या वाट्याला फक्त सहा राज्ये आली आणि लिंडन जॉन्सन यांनी ६१ टक्के मते घेतली. मनासारखा उमेदवार मिळूनही असा धुव्वा उडाल्यावर विल्यम बकली या संपादकाने १९६७ च्या सुमारास एक व्यवहारी कसोटी मांडली : जिंकू शकणाऱ्यांपैकी जो सर्वाधिक उजव्या विचारांचा, त्याला पाठिंबा द्यावा. कसोटी ऐकायला सोपी आहे. पण जिंकू शकणारा कोण हे मतदानाआधी ठरवायचे कोणी, हा प्रश्न तिने तसाच ठेवला.

या कसोटीवर १९६८ मध्ये रिचर्ड निक्सन उतरले, आणि सत्तेवर आल्यावर १९७१ मध्ये त्यांनी पगार व किमतींवर नियंत्रणे आणली, चीनचा दौरा जाहीर केला. वैतागलेल्या गटाने १९७२ मध्ये ओहायोचे काँग्रेस सदस्य जॉन ॲशब्रुक यांना त्यांच्याविरुद्ध उभे केले. मते किरकोळ पडली, पण विद्यमान अध्यक्षालाही जाब विचारता येतो, हे त्यातून रुजले. चार वर्षांनी रोनाल्ड रेगन यांनी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांना आव्हान दिले. सुरुवातीच्या पराभवांनंतर नॉर्थ कॅरोलायनात सिनेटर जेसी हेल्म्स यांच्या यंत्रणेच्या बळावर त्यांनी डाव फिरवला आणि कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात १०७० मतांपर्यंत मजल मारली. फोर्ड यांना ११८७ मिळाली.

या लढतीतला एक प्रसंग विशेष बोलका आहे. काठावरचे प्रतिनिधी ओढण्यासाठी रेगन यांनी अधिवेशनाच्या तीन आठवडे आधी पेनसिल्व्हेनियाचे उदारमतवादी वळणाचे सिनेटर रिचर्ड श्वायकर यांना उपाध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून जाहीर केले. हक्काचे समर्थक अवाक्‌ झाले आणि मिसिसिपीचे प्रतिनिधी हातचे गेले. रेगन यांच्यासारख्या माणसालाही या मतदारांनी कोरा धनादेश दिला नव्हता, हे आज त्यांच्या नावाचा जप करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९८० मध्ये मात्र रेगन यांनी ४४ राज्ये जिंकली आणि विचाराने पक्का माणूसही निवडून येतो, याचा दाखला मिळाला. पुढच्या प्रत्येक इच्छुकाला त्याच मापाने मोजले जाऊ लागले.

खरा चटका बसला तो रेगन यांच्या वारसाकडून. फेब्रुवारी १९८८ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या वादचर्चेत उमेदवारीचे एक इच्छुक पीट द्यु पाँ यांनी करवाढ न करण्याच्या शपथपत्राचा कागद दुसरे इच्छुक बॉब डोल यांच्यापुढे धरला. डोल यांनी सही केली नाही आणि ते राज्य गमावले. ते जिंकलेले रेगन यांचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्या वर्षीच्या अधिवेशनात, माझे ओठ वाचा, नवे कर नाहीत, असे ठासून सांगितले आणि १९९० मध्ये करवाढ मान्य केली. १९९२ मध्ये त्याच न्यू हॅम्पशायरमध्ये पॅट ब्युकॅनन यांनी विद्यमान अध्यक्षांविरुद्ध ३७ टक्के मते मिळवली. कर तरी पुढे कमी करता येतात, नेमलेला न्यायाधीश मात्र परत घेता येत नाही. बुश यांनी १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेमलेले डेव्हिड सूटर यांनी १९९२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क कायम ठेवणाऱ्या निकालाला साथ दिली. त्यांच्या सोबतच्या न्यायमूर्ती ओकॉनर आणि केनेडी यांची नेमणूक खुद्द रेगन यांची. ‘पुन्हा सूटर नको’ ही घोषणा तेव्हापासूनची. २००५ मध्ये धाकट्या बुश यांनी आपल्या विश्वासातल्या हॅरिएट मायर्स यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे केले, तेव्हा त्यांच्याच समर्थकांनी काही आठवड्यांत ते मागे घ्यायला लावले.

माणसाच्या शब्दापेक्षा कागद मागण्याची ही सवय लक्षात घेतली, तर २०१६ चे कोडे बरेचसे सुटते. तीन लग्ने झालेले, १९९९ मध्ये गर्भपाताच्या हक्काचे समर्थन केलेले, डेमोक्रॅट उमेदवारांना देणग्या दिलेले ट्रम्प धर्मनिष्ठ मतदारांना कसे चालले, असे आपल्याकडेही अनेकांनी विचारले होते. आयोवात ते प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांच्यामागे पडले होते, आणि बकली यांनी स्थापन केलेल्या ‘नॅशनल रिव्ह्यू’ने जानेवारीत त्यांच्याविरुद्ध विशेषांकच काढला होता. फेब्रुवारीत न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचे निधन झाले आणि मे महिन्यात ट्रम्प यांनी, कोणातून न्यायाधीश निवडू, याची ११ नावांची यादीच जाहीर केली. पुढे ती आणखी वाढवली. ज्यांचा माणसावर भरवसा नव्हता, त्यांना यादी पुरली. ट्रम्प यांनी तीन न्यायमूर्ती नेमले आणि जून २०२२ मध्ये गर्भपाताच्या हक्काचा निकाल रद्द झाला.

आयोवाच्या कॉकसमध्ये, म्हणजे उमेदवार निवडण्यासाठीच्या स्थानिक बैठकीत, ही पारख जवळून पाहायला मिळते. ऐन जानेवारीच्या थंडीत शाळेत, चर्चमध्ये किंवा सभागृहात शेजारीपाजारी जमतात, प्रत्येक उमेदवारासाठी कोणीतरी दोन मिनिटे बोलतो, मग साध्या कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून टाकले जाते आणि सगळ्यांसमोर मोजणी होते. २०१२ मध्ये मिट रॉम्नी आठ मतांनी जिंकल्याचे त्या रात्री जाहीर झाले. दोन आठवड्यांनी रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे असल्याचे आढळले. २०२४ मध्ये निवडून येण्याच्या क्षमतेचा मुद्दा ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी रॉन डिसँटिस आणि निकी हेली यांनी पुन्हा मांडून पाहिला. डिसँटिस २०२२ मध्ये फ्लोरिडात एकोणीस टक्क्यांच्या फरकाने जिंकून आले होते, तर ट्रम्प २०२० मध्ये हरले होते. तरी आयोवाच्या ९९ परगण्यांपैकी ९८ ट्रम्प यांच्याकडे गेले. उरलेला जॉन्सन परगणा हेली यांनी एका मताने जिंकला. दिलेला शब्द पाळल्याचा पुरावा समोर असताना क्षमतेचा हिशेब मांडायला फारसे कोणी तयार नव्हते.

आता मात्र तो पुरावा दुसऱ्या कोणाच्या खात्यावर नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुराणमतवाद्यांच्या ‘सीपॅक’ या वार्षिक मेळाव्यातील कौलात उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांना ६१ टक्के पसंती मिळाली. पण ट्रम्प यांच्यावरची त्यांची जुनी टीका आणि सिनेटमधली जेमतेम दोन वर्षे हे दोन्ही तपशील चौकस मतदाराच्या वहीत नोंदलेले आहेत. पदावर असलेला रिपब्लिकन उपाध्यक्ष थेट अध्यक्षपदी निवडून आल्याचे आतापर्यंत एकच उदाहरण आहे, आणि ते १९८८ च्या जॉर्ज बुश यांचे.