मोरीतला वाळा, भिंतीवरचा कवड्या : पावसाळ्याआधी एवढे वाचून ठेवा

पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की आम्हाला ठरलेला फोन येतो : "मोरीत सापाचं पिल्लू निघालंय. तुम्ही तर जाळी बसवली होती ना?"

बहुतेक वेळा ते पिल्लू नसते, पूर्ण वाढलेला वाळा असतो, हा मुळातच छोटा साप. वीतभर लांब, पेनातल्या रिफिलीएवढा जाड, काळपट आणि चकचकीत. गांडुळासारखा दिसतो, पण अंगावर वळ्या नसतात आणि आकसत-लांबत न सरकता तो वळवळत भराभर पळतो. मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या हे त्याचे खाणे. विष नाही. शेपटीचे टोक टोचवतो, तो दंश नव्हे. जमिनीत पाणी भरले की वर येतो, इतकेच. पुठ्ठ्याने सुपलीत सरकवून घ्या आणि सावलीतल्या ओल्या मातीत सोडा. तापलेल्या फरशीवर टाकू नका.

आता जाळीबद्दल. तक्रारीच्या घरी गेलो की नहाणी ट्रॅपमधली, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्यातली वाटी खिडकीच्या कट्ट्यावर सापडते, साबण आणि केस वाळून चिकटलेली. पाणी तुंबते म्हणून कोणीतरी काढलेली असते. त्या वाटीमुळे ट्रॅपमध्ये साधारण 50 मिमी पाणी उभे राहते आणि तेच खरे दार आहे. वाटी काढली की बाहेरच्या चेंबरपासून मोरीपर्यंत नळी मोकळी : वास, झुरळे आणि वाळा, सगळ्यांनाच. पंधरा दिवसांनी वाटी काढा, धुवा, परत दाबून बसवा. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये आठवड्याला तांब्याभर पाणी ओता, नाहीतर ट्रॅप कोरडा पडतो.

फिनेल, रॉकेल, अ‍ॅसिड मात्र ओतू नका. साप बिथरतो आणि भलत्याच तोंडातून, कधी थेट स्वयंपाकघरात निघतो. अ‍ॅसिडने तर ट्रॅपभोवतीचे सिमेंट खाल्ले जाते आणि कायमची फट तयार होते. मग फरशी फोडावी लागते, त्यात आमचा दिवस जातो आणि तुमचे पैसे.

कवड्या सापाचे प्रकरण वेगळे. तो पालींमागे येतो. दारावरचा दिवा रात्रभर जळतो, किडे जमतात, पाली जमतात, मागोमाग कवड्या. खडबडीत भिंत सहज चढतो. बिनविषारी आहे, पण डिवचला तर कडकडून चावतो. आणि तो मण्यारीसारखा दिसतो. कवड्याचे पांढरे पट्टे मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट. मण्यारीचे बहुधा उलट. पण रात्री, घाबरलेल्या माणसाने हे ओळखायला जाऊ नये. पट्टे दिसले की मण्यारच समजा. खोलीतली माणसे बाहेर काढा, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, शक्य तर दुरूनच नजर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. त्याच्यावर बादली उपडी घालायला जवळ जाऊ नका. मण्यारीचा दंश दुखतही नाही, खूण जेमतेम दिसते; शंका आली तरी 108 ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा. साप मारू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

आम्ही साप पकडत नाही आणि "सापाची पावडर" विकत नाही. ती चालते असे आम्हाला कधी दिसलेले नाही. एकट्या मोरीला जाळी लावूनही देत नाही, यावर काही ग्राहक नाराज होतात. पण बेसिनची नळी भिंतीत जाते तिथली फट, एसीच्या पाइपचे भोक आणि मागच्या दाराखालची जागा उघडी ठेवून मोरी बंद करण्यात अर्थ नाही. कवड्याला 5 मिमीची जाळी पुरते, वाळ्याला 2 मिमीच्या आतली लागते, म्हणून आम्ही स्टीलचीच वापरतो. प्लॅस्टिकची उंदीर कुरतडतात. दाराला ब्रशची पट्टी लावतो, तीही फरशीला टेकेल अशी.

पाहणीचे पैसे घेत नाही. मे महिन्यात बोलावलेत तर सवडीने सगळी तोंडे तपासता येतात. जुलैत आठवडाभर थांबावे लागते. येण्याआधी फक्त ती वाटी शोधून ठेवा.