विद्यार्थ्यांचे लोकसहभागी अभियांत्रिकी प्रकल्प

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी वंचित वस्त्यांतील लोकांसोबत पाणी, ऊर्जा, स्वच्छता, निवारा अशा गरजांवर केलेली आणि विद्यार्थी निघून गेल्यावरही तिथल्यांना चालवता येतील अशी शाश्वत कामे. श्रमदान शिबिरापेक्षा ती वेगळी असतात. त्यांत मोजणी, संकल्पन (डिझाइन) आणि चाचणी असते, शिवाय बऱ्याच ठिकाणी अभ्यासक्रमात त्यांचे श्रेयांकही मिळतात.

वैचारिक पाया समुचित तंत्रज्ञानाच्या चळवळीत सापडतो. अर्थतज्ज्ञ ई. एफ. शूमाखर यांनी १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘इंटरमीडिएट टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट ग्रुप’ स्थापन केला. अवाढव्य यंत्रसामग्री आणि पारंपरिक अवजारे यांच्या मधल्या, स्थानिकांच्या आवाक्यातल्या साधनांवर त्याचा भर होता. विद्यार्थ्यांच्या संघटना त्यानंतरच्या. कॅनडात ‘इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स’ २००० मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठातील प्राध्यापक बर्नार्ड आमादेई मध्य अमेरिकेतील बेलीझ देशातल्या सान पाब्लो या गावी गेले. तिथल्या मुली दिवसभर नदीवरून पाणी वाहत, त्यामुळे त्यांची शाळा बुडे. पुढच्या वर्षी ते विद्यार्थ्यांना घेऊन परतले आणि जवळच्या धबधब्याच्या जोरावर पाणी गावापर्यंत चढवण्यात आले. अमेरिकेतील याच नावाची संघटना २००२ मध्ये यातूनच उभी राहिली.

महाविद्यालयीन चौकटीत हे काम बसवण्याचे प्रयत्नही झाले. पर्ड्यू विद्यापीठात १९९५ पासून ‘एपिक्स’ कार्यक्रमात पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंतचे विद्यार्थी एकाच गटात असतात. जुने बाहेर पडले तरी काम नव्यांच्या हाती राहते. भारतात आयआयटी मुंबईचे ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र १९८५ पासून आहे, आणि २०१४ मध्ये सुरू झालेले उन्नत भारत अभियान उच्च शिक्षण संस्थांना गावांशी जोडते.

प्रयोगशाळेत उत्तम चालणारे साधन घरात का बिघडते, हे पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या जैववाळू गाळणीवरून चांगले कळते. कॅलगरी विद्यापीठात डेव्हिड मान्झ यांनी १९९० च्या दशकात ती विकसित केली. पेटीत वाळू आणि खडीचे थर असतात, हलणारा एकही भाग नसतो. निर्गमनळीचे तोंड अशा उंचीवर ठेवतात की पाणी वाहायचे थांबल्यावर वाळूवर सुमारे ५ सेंमी पाणी उरावे. त्याखाली वाळूच्या वरच्या भागात सूक्ष्मजीवांचा थर वाढतो. जंतू मारण्याचे बरेचसे काम तोच करतो, आणि तो तयार व्हायला काही आठवडे लागतात. पाणी जास्त साचले तर त्या थराला प्राणवायू कमी पडतो, कमी झाले तर थर सुकतो. आता घरातल्या कोणी भांडे भरायला सोयीचे म्हणून नळीला रबरी पाइप जोडला, की वक्रनलिकेसारखे (सायफनसारखे) ते पाणी ओढले जाते आणि वाळू कोरडी पडते. गाळणीतून पाणी मात्र येतच राहते, त्यामुळे बिघाड कुणाच्या लक्षातही येत नाही. असला दोष आराखड्यावर दिसत नाही. तो पाहायला त्या घरात पुन्हा जावे लागते.

हातपंपाची गोष्टही तशीच. ‘इंडिया मार्क २’ मध्ये झिजलेला वॉशर बदलायचा तर जमिनीतले पाइप वर ओढावे लागतात. त्यासाठी खास हत्यारे आणि तयार मेस्त्री हवा. ‘मार्क ३’ मध्ये दट्ट्या पाइपांतूनच बाहेर काढता येतो, त्यामुळे ही दुरुस्ती गावातच होऊ शकते. किमतीच्या तक्त्यात हा फरक कुठेच उतरत नाही, पण पंप किती दिवस बंद राहणार हे त्यावरच ठरते. म्हणून चांगल्या प्रकल्पात संकल्पनाआधीच विचारले जाते : सुटा भाग कोण आणणार, पाणीपट्टी कोण गोळा करणार, हिशेब कुणाकडे राहणार? गटातल्या विद्यार्थ्यांना हा भाग बहुधा कंटाळवाणा वाटतो, आणि अहवालात त्याला एखादे पान मिळते.

टीका जुनीच आहे. परदेशी सेवेला निघालेल्या विद्यार्थ्यांसमोर विचारवंत इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत केलेल्या भाषणात त्यांच्या सदिच्छेवरच झोड उठवली होती. विद्यार्थ्यांना शिकायला मिळते, पण त्यांच्या चुकांची किंमत वस्ती मोजते, हा आक्षेप आजही कायम आहे. कॅनडातील संघटनेने त्याला दिलेला प्रतिसाद प्रामाणिक म्हणावा लागेल : २००८ पासून तिने आपल्या फसलेल्या कामांचे वार्षिक अहवाल छापायला सुरुवात केली. अमेरिकी संघटना गटांकडून एकाच वस्तीशी किमान ५ वर्षांची बांधिलकी मागते. सत्र संपले की गट बदलतो, त्यामुळे या ५ वर्षांचा बराचसा भार प्रत्यक्षात मार्गदर्शक प्राध्यापक आणि अनुभवी अभियंत्यांवर पडतो.