पडद्यावरून गेलेल्या ॲपचं काय होतं?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गणेश मंडळाने यंदा वर्गणीचा हिशेब टॅबलेटवर घेतला. इतकी वर्षं तो कॉम्प्युटरवर होता. ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिलं होतं त्यांनीच ते अँड्रॉइडसाठी करून दिलं. पहिल्याच संध्याकाळी खजिनदार काकांनी नाव, पत्ता, रक्कम भरली, पैसे जमा झाल्याचा मेसेज बघितला, वर्गणीदारांना मखराचे फोटो दाखवले आणि परत येतात तो फॉर्म कोरा! ‘स्वस्तातला टॅबलेट घेतलात, आता भोगा,’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मला ते अजिबात पटलं नाही. टॅबलेटने नियमाप्रमाणेच काम केलं होतं.

कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर मोबाइलवर आणायचं म्हणजे पडदा लहान आणि बटणं मोठी करायची, असा सर्वसाधारण समज आहे. ते करावं लागतंच. बोट काही माऊसच्या बाणासारखं टिंबावर टेकत नाही, म्हणून बटण निदान ४४ पॉइंटांचं ठेवा असं ॲपल सांगतं आणि अँड्रॉइड ४८ डीपी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. शिवाय प्रोसेसर बहुधा एआरएम या वेगळ्या जातीचा, त्यामुळे प्रोग्राम त्याच्यासाठी नव्याने कंपाइल करावा, म्हणजे त्याला समजणाऱ्या आज्ञांमध्ये उतरवावा लागतो. पण या गोष्टी राहून गेल्या तर लगेच लक्षात येतात. मेमरीचा प्रश्न तसा दिसत नाही.

कॉम्प्युटरवर एकदा उघडलेला प्रोग्राम आपण बंद करेपर्यंत चालू राहतो, असं धरून चालतात. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, भरली तर विंडोज त्यातला कमी लागणारा भाग डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. काम मंदावतं, पण प्रोग्राम जिवंत असतो. फोन-टॅबलेटमधल्या फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठराविक वेळाच पुसून लिहिता येतो. तिथे सतत अशी ने-आण केली तर ती झिजते. म्हणून अँड्रॉइड आधी रॅममधलाच मजकूर दाबून लहान करतं. तेवढ्याने भागलं नाही, तर कुठलं तरी ॲप सरळ मारून टाकतं.

कुठलं मारायचं, याचा हिशेब मला फार आवडतो. प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, एक गुणांक दिलेला असतो आणि तो सतत बदलत राहतो. समोर पडद्यावर असलेल्या ॲपचा गुणांक ०. मागे गाणी वाजवणाऱ्याचा साधारण २००. नुकतंच सोडलेलं ॲप ७००च्या घरात, आणि त्याहून आधीची, नुसती पडून असलेली ॲप्स ९००च्या पुढे. मेमरी कमी पडली की ‘लो मेमरी किलर’ सगळ्यात मोठ्या गुणांकापासून सुरुवात करतो. काका मेसेज बघून फोटोंमध्ये शिरले, त्या क्षणी वर्गणीचं ॲप ९००च्या रांगेत गेलं. मारण्याचा सिग्नल ९ क्रमांकाचा असतो. तो अडवता येत नाही आणि मरणाऱ्या प्रोसेसला एक ओळही चालवायला मिळत नाही. ‘सेव्ह करायचं का?’ हा कॉम्प्युटरवरचा ओळखीचा प्रश्न इथे विचारणार कोण?

म्हणजे जपायचं ते आधीच जपायला हवं. ॲप पडद्यावरून हटताना अँड्रॉइड त्याला तशी सूचना देतं. तेव्हा चालू पडद्याची स्थिती एका छोट्या ‘बंडल’मध्ये भरून सिस्टीमच्या हवाली करता येते. ते बंडल ज्या वाटेने जातं, तिथला बफर, म्हणजे तात्पुरती जागा, अख्ख्या प्रोसेसला मिळून सुमारे १ एमबीचा. म्हणून त्यात फक्त पावती क्रमांक आणि अर्धवट मजकूर ठेवावा, बाकीचं तिथल्या तिथे एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये लिहावं. टॅबलेट आडवा केला तरी पडदा बहुधा मोडून नव्याने उभा राहतो. त्यावर ‘व्ह्यूमॉडेल’ हा पडद्यावरची माहिती मेमरीत धरून ठेवणारा भाग वापरून अनेकजण निर्धास्त होतात. पण व्ह्यूमॉडेल पडदा फिरवण्यातून वाचतं. प्रोसेस मेली की तेही जातं.

आयपॅडवर ॲप मागे गेल्यावर आवरायला काही सेकंद मिळतात, मग ते गोठवलं जातं, आणि मेमरी हवी झाली की तिथेही संपवलं जातं. २०२२ साली आयपॅडओएस १६ने एम१ चिपच्या काही आयपॅडवर स्टोरेजचा मेमरीसारखा वापर सुरू केला, तरी न विचारता बंद होण्याची तयारी ठेवावीच लागते.

दर तासाला सगळी ॲप्स बोटाने सरकवून ‘साफ’ करणं ही शुद्ध अंधश्रद्धा आहे, आणि ‘रॅम बूस्टर’वाले तिच्यावरच पैसे कमावतात. नुसत्या पडून असलेल्या ॲपला प्रोसेसरचा वेळ जवळजवळ लागत नाही. ते मारून पुन्हा पहिल्यापासून उघडण्यात बॅटरी जास्त जाते. अडकून पडलेलं एखादं ॲप बंद करा, बाकीचं सिस्टीम बघते.

कुणी तुमच्या संस्थेचं सॉफ्टवेअर टॅबलेटवर आणून दिलं, तर पैसे चुकते करण्याआधी अर्धा फॉर्म भरा आणि टॅबलेट आडवा करून बघा. मग सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ (सोडलेला पडदा लगेच मोडणारा पर्याय) चालू करून कॅमेऱ्यात जाऊन परत या. शेवटी करणाऱ्यालाच सांगा, की मागे गेलेली प्रोसेस माझ्यासमोर मारून दाखव. लॅपटॉप जोडला की त्याला ते एका आज्ञेत करता येतं. तिन्ही वेळा अर्धवट मजकूर जागेवर असायला हवा.