मुंबई अपतट द्रोणी

भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रबूड जमिनीखाली असलेली, विभंगांमुळे (प्रस्तरभंगांमुळे) खचलेली आणि गाळाच्या खडकांनी भरलेली द्रोणी (खोलगट भूभाग). उत्तरेस सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगतचा दीव विभंग व दक्षिणेस वेंगुर्ला कमान (तळखडकाचा उंचवटा) या तिच्या सीमा मानतात. २०० मी. खोलीपर्यंतचे क्षेत्रफळ सु. १,१६,००० चौ. किमी. आहे.

उत्पत्तीचा काळ वादग्रस्त आहे. मादागास्कर सु. ९ कोटी वर्षांपूर्वी भारतापासून सुटले. सेशेल्सचा तुकडा मात्र दख्खनच्या लाव्हानंतर, बहुधा ६.४ ते ६.२ कोटी वर्षांच्या दरम्यान अलग झाला. द्रोणीचे खचणे यांपैकी कोणत्या घटनेशी जोडायचे, यावर एकमत नाही. भूवैज्ञानिक एस. के. बिस्वास यांच्या मते (१९८२) कच्छ, खंबायत व नर्मदा या खचदऱ्या उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने उघडल्या आणि विभंगांनी धारवाड, अरवली व सातपुडा या जुन्या संरचनांच्या दिशा उचलल्या. मुंबई हाय या द्रोणीतील उंचवट्याच्या तळाशी बेसाल्टबरोबर ग्रॅनाइटी खडकही लागतात, हे पाहता जुन्या कमकुवत रेषांना महत्त्व देणारे हे मत अधिक ग्राह्य वाटते. पनवेलजवळ लाव्हाचे थर पश्चिमेकडे कलले आहेत. भूवैज्ञानिक ऑडेन (१९४९) यांनी ही रचना वळी (थरांना पडलेला बाक) मानली; शेठ (१९९८) यांनी खोल जाताना सपाट होत जाणाऱ्या वक्र विभंगाशी तिचा संबंध जोडला.

पॅलिओसीन ते पूर्व इओसीन (सु. ६.६ ते ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या) काळातील पन्ना शैलसमूह विभंगांच्या हालचाली चालू असतानाच साचला. त्यामुळे खोलगट भागांत तो जाड, तर मुंबई हायच्या माथ्यावर विरळ किंवा नाहीसा आहे. खनिज तेलाचा मुख्य उगम याच समूहातील जैव द्रव्ययुक्त शेलमध्ये (चिखलापासून बनलेल्या थरयुक्त खडकामध्ये) मानतात. पुढे द्रोणी सावकाश खचत राहिली, पण सर्वत्र सारखे खडक साचले नाहीत. तापी–दमण भागात नर्मदा व तापी यांनी त्रिभुजी वाळू-चिखल ओतला. गढूळपणापासून दूर असलेल्या मुंबई हाय व वसई भागांत चुनखडक वाढला. मुंबई हायवरील पूर्व मायोसीन (सु. २.३ ते १.६ कोटी वर्षांपूर्वीच्या) चुनखडकात सच्छिद्र थरांमध्ये शेलच्या पातळ पट्ट्या आहेत. एकाच साठ्याचे त्यामुळे अनेक कप्पे झाले आहेत. नंतर चिखलाचा पुरवठा वाढून चुनखडकावर शेलचे जाड आवरण बसले. खोलगट भागांत तयार झालेले तेल विभंगांच्या वाटेने व सच्छिद्र थरांतून उंचवट्यांकडे सरकले. मुंबई हायच्या तळखडकाच्या भेगांतही तेल मिळाले आहे.

‘सागर सम्राट’ या फिरत्या मंचावरून १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल सापडले; उत्पादन १९७६ मध्ये सुरू झाले. दक्षिणेकडील रत्नागिरी भागातही चुनखडकाचे थर आहेत.