टाइमशेअरचा आठवडा: एक्सचेंजला टाकायचा की भाड्याने द्यायचा?

दिवाळीची आवराआवर चालू असताना कोथरूडच्या मामांच्या माळ्यावरून एक पिवळी फाइल खाली आली. आत टाइमशेअरचे, म्हणजे एका रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरलेला आठवडा राहण्याच्या हक्काचे कागद: महाबळेश्वरच्या रिसॉर्टमध्ये वन बीएचके, दरवर्षी आठवडा क्रमांक 28. म्हणजे जुलैचा मध्य, महाबळेश्वरात हातभर अंतरावरचं दिसत नाही तो काळ. चार वर्षं कुणी फिरकलं नव्हतं, मेंटेनन्स मात्र वेळेवर जात होता. मामांचं म्हणणं एकच, "भाड्यानं देऊन टाक कुणाला तरी."

तसं देता येतं का, ते करारावर ठरतं. आपल्याकडे बहुतेकांकडे असते ती मालकी नव्हेच, ठरावीक वर्षांसाठी वापराचा हक्क असतो. विकणारा 'तुमचं हक्काचं घर' म्हणाला असेल, पण कागदावर तुम्ही सदस्य असता. मामांच्या करारात अकराव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: सदस्य, कुटुंबीय व पाहुणे यांना वापर करता येईल, व्यावसायिक वापर करता येणार नाही. असं कलम असेल तर आधी रिसॉर्टकडून लेखी परवानगी घ्या. फोनवरचं "हो हो, चालतं" रिसेप्शनवर कुणी ऐकत नाही.

एक्सचेंजसाठी पात्रता

एक्सचेंज म्हणजे आपला आठवडा देऊन त्याबदल्यात दुसऱ्या रिसॉर्टमधला मुक्काम घेणं. त्यासाठी तुमचं रिसॉर्ट ही अदलाबदल करून देणाऱ्या एक्सचेंज कंपनीशी संलग्न हवं. जगात दोन मोठी नावं: 1974 पासूनची आरसीआय आणि 1976 पासूनची इंटरव्हल इंटरनॅशनल. रिसॉर्ट संलग्न असलं तरी तुमचं स्वतःचं एक्सचेंज सदस्यत्व चालू आहे का, ते वेगळं बघा. सुरुवातीची फुकट वर्षं संपली की ते गुपचूप बंद पडलेलं असतं. मेंटेनन्सची थकबाकी नको आणि तो आठवडा आधीच बुक केलेला नको.

मग आठवडा 'जमा' करायचा, म्हणजे एक्सचेंज कंपनीकडे सोपवायचा. त्याचं वजन, म्हणजे बदल्यात किती चांगला मुक्काम मिळेल ते, हंगाम, खोलीचा आकार, मागणी आणि तुम्ही किती आधी जमा केला यावर ठरतं. आरसीआयच्या आठवडा पद्धतीत मुक्कामाच्या नऊ महिने किंवा त्याहून आधी जमा केलं तर पूर्ण वजन मिळतं, पुढे ते घटत जातं. म्हणजे जुलैच्या आठवड्यासाठी आदल्या वर्षीचा ऑक्टोबर. मामांची फाइल अगदी काठावर सापडली म्हणायची. इंटरव्हलमध्ये आधी जमा करून मग शोधता येतं, किंवा आठवडा हातात ठेवून आधी मागणी नोंदवता येते. निर्णय होत नसेल त्याला ही दुसरी वाट बरी. अदलाबदल पक्की करताना वेगळी फी लागते, आणि परदेशातल्या काही रिसॉर्टमध्ये जेवणाचं सक्तीचं पॅकेज वर असतं.

इथे बरेच जण फसतात: एकदा जमा केलेला आठवडा तुमचा राहत नाही, तो भाड्याने देता येत नाही. एक्सचेंजमधून मिळालेला मुक्काम विकणंही नियमात बसत नाही. गेस्ट सर्टिफिकेट (पाहुण्याच्या नावाचं पत्र) काढून तो भाचीला भेट देता येतो, तिच्याकडून भाडं घेता येत नाही. तेव्हा भाड्याचा विचार असेल तर तो जमा करण्याआधीच करा.

कागदपत्रं

सदस्यत्व प्रमाणपत्र, पूर्ण करार (नुसतं पहिलं पान नव्हे), चालू वर्षाची मेंटेनन्सची पावती, पॅन आणि आधार. प्रमाणपत्रावर दोन नावं असतील तर सहसा दोघांच्या सह्या मागतात. मूळ सदस्य हयात नसेल तर आधी नावबदल. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. त्यासाठीचा 100 चा स्टॅम्प ऑक्टोबर 2024 पासून गेला, आता 500 चा.

भाड्याने देताना राहणाऱ्यांची नावं ओळखपत्राप्रमाणे रिसॉर्टला कळवा आणि त्यांच्या नावाचं कन्फर्मेशन हातात घ्या. पैसे बँकेतून घ्या. खोलीत मोडतोड झाली तर बिल बहुधा सदस्याच्याच नावावर येतं, म्हणून थोडं डिपॉझिट घेतलेलं बरं. मिळालेलं भाडं आयकर विवरणपत्रात दाखवावं लागतं. कोणत्या सदरात, ते तुमचा सीए सांगेल.

हिशोब

समजा मेंटेनन्स 15,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 17,700. पावसाळ्यात रात्रीला 2,000 मिळाले तर सात रात्रींचे 14,000. वरवर 3,700 चा तोटा. पण मेंटेनन्स कुणी गेलं नाही तरी भरायचाच आहे, त्यामुळे ते 14,000 परत आलेले पैसे आहेत. एक्सचेंजमध्ये याउलट खिशातून आणखी जातात. माझं मत विचाराल तर खरोखर जाणार असाल, सुट्टी मंजूर असेल, तरच एक्सचेंज. मे महिन्याचा किंवा नाताळचा आठवडा ज्याच्याकडे आहे आणि करार आड येत नाही, त्याने भाड्याचाच विचार आधी करावा.

एक फोन मात्र नक्की येईल: "सर, तुमचा टाइमशेअर भाड्याने लावून देतो, फक्त नोंदणी फी भरा." आमच्या नात्यातल्या एकाने भरली, पुढे तो नंबरच लागेना. असे पैसे गेले तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर कळवा. रिसॉर्टविरुद्ध तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. रिसॉर्ट कुठेही असो, तुम्ही पुण्यात राहता म्हणून पुण्यातच तक्रार दाखल करता येते. रिसॉर्टला मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

मामांनी परवानगीचा मेल पाठवलाय. उत्तर येईपर्यंत आठवडा जमा करायचा नाही, असं फाइलवर पेन्सिलीने लिहून ठेवलंय.